समुद्रापासून अर्धा किलोमीटर: घरी जोडलेल्या पीसीचे दोन पावसाळे

मालवणजवळच्या एका वाडीत आमचं घर आहे. समुद्र सरळ रेषेत अर्धा किलोमीटर, रात्री गाज घरात ऐकू येते. या घरात मी एप्रिल २०२२ मध्ये स्वतःसाठी पहिल्यांदा एक पूर्ण नवा कॉम्प्युटर जोडला, एकेक पार्ट स्वतः निवडून, आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत त्याचं जे काही झालं ते सगळं इथे लिहितेय, कारण किनाऱ्यावर पीसी जोडणाऱ्याला जे आधी कळायला हवं ते मला कुठल्याच व्हिडिओत मिळालं नव्हतं. कुठला प्रोसेसर घ्यावा, कुठला कूलर, आरजीबी म्हणजे रंगीत दिव्यांचे फॅन किती, हे सगळं असतं. खारा वारा कोणाच्याच यादीत नसतो.

पण आधी चिपळूणचं सांगते, सुरुवात खरी तिथून झाली.

माझं माहेर चिपळूणचं. बाबांचं बाजारपेठेत घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा दुकानातला कॉम्प्युटर पूर्ण पाण्याखाली गेला, जुना कोअर टू ड्युओ, ई७४००, जी३१ चा मदरबोर्ड, बिलं आणि हिशेब त्यावरच चालायचे. पाणी ओसरल्यावर भावाचा फोन लागला तेव्हा मी त्याला एकच गोष्ट सांगितली, बाकी काही बघू नकोस, कॅबिनेट उघड आणि बोर्डावरचा गोल सेल आधी काढून टाक. सीआर२०३२, तीन व्होल्टचा. डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स होतं माझं, तेवढं डोक्यात पक्कं बसलेलं की नुसत्या पाण्याने बोर्ड लगेच मरत नाही, पाणी आणि वीज एकत्र आली की तांबं खाल्लं जातं. लाईट तर आधीच गेलेली होती, म्हणजे बोर्डावर वीज म्हणून उरलेला तो सेलच.

रस्ते सुरू झाल्यावर मी गेले. घरात, दुकानात, सगळीकडे तो चिखल, त्याचा वास अजून आठवतो. बोर्ड मी आधी स्वच्छ पाण्याने धुतला, बाबांच्या घड्याळाच्या मऊ ब्रशने प्रत्येक सॉकेटमधला गाळ काढला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा धुतला. वाळवायला जुलैत ऊन कुठलं, म्हणून कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला टोपलीखाली बल्ब लावतात ना, तसंच केलं, उलटी टोपली, आत ४० वॅटचा बल्ब, वर टेबलफॅन. चार दिवस. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, सरळ टाकून दिला, त्याच्या आत शिरायची जोखीम घ्यायची नाही. दुसरा जोडला, बटण दाबलं आणि एक बीप आला, म्हणजे बोर्ड जिवंत. बाबा मागे उभे होते. काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले फक्त.

त्या एका बीपनंतर मला हा नाद लागला असं म्हटलं तरी चालेल. त्यानंतर वाडीतले, नात्यातले बंद पडलेले चार कॉम्प्युटर उघडले, त्यातले तीन चालू झाले. आणि मग वाटायला लागलं की एकदा तरी स्वतःसाठी नवा जोडायचा.

कारणही होतं. नवऱ्याला दशावताराचं वेड, जत्रेच्या दिवसांत रात्र रात्र जागून तो नाटकं शूट करतो, आणि त्याचं एडिटिंग माझ्याकडे. जुन्या लॅपटॉपवर पाच मिनिटांची क्लिप बाहेर काढायला तासभर जायचा. तेव्हा ग्राफिक्स कार्डांच्या किमती भलत्याच चढलेल्या होत्या, चिपांचा तुटवडा आणि त्यात कार्डांवर क्रिप्टोची नाणी काढणारे मायनिंगवाले, म्हणून मी ठरवलं की कार्ड घ्यायचंच नाही, प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेला घ्यायचा. रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, कूलर डब्यातच येतो. त्याला बी५५० चा छोटा बोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, साठवणीला ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॅटचा एसएमपीएस आणि जाळीचं तोंड असलेलं कॅबिनेट. सगळं मिळून साधारण ४५ हजार. नवरा कामासाठी मुंबईला गेलेला, तो लॅमिंग्टन रोडवरून एकेक वस्तू माझ्या यादीप्रमाणे घेऊन कोकणकन्येने कुडाळला उतरला, बोर्ड आणि प्रोसेसर रात्रभर उशाशी घेऊन झोपलेला म्हणे.

जोडण्यावर फार लिहीत नाही, ते सगळीकडे आहे. दोन-तीनच गोष्टी. एएम४ सॉकेटच्या, म्हणजे माझ्यासारख्या, प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात, केसासारख्या, आणि तो सॉकेटमध्ये दाबायचा नसतोच, तरफ वर करून सोनेरी त्रिकोण जुळवून नुसता ठेवायचा, तो आपल्या वजनाने खाली बसतो. बसला की बोटांना कळतं, एक बारीक सरकण होते आणि मग तो हलत नाही. त्या क्षणाला मी श्वास धरून होते हे खरं. कूलरसोबतचे चार स्क्रू एक इकडचा एक समोरचा असे थोडे थोडे पिळायचे, एकच बाजू घट्ट केली तर प्रोसेसर आणि कूलरमधली, उष्णता पोचवणारी पेस्ट एका अंगाला जाते. आणि दोन रॅम असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, ग्राफिक्स प्रोसेसरमधलं असेल तर हे फार महत्त्वाचं आहे कारण ते रॅमच वापरतं, एकच स्टिक लावली किंवा चुकीच्या खाचांत लावल्या तर निम्मा जोर जातो.

पहिल्यांदा स्क्रीन आलीच नाही. बोर्डातलं बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, जुनं होतं, ५६००जी त्याच्यानंतर आलेला, त्याला ओळखच नव्हती. नशिबाने बोर्डाला मागे फ्लॅशबॅकचं बटण होतं, म्हणजे प्रोसेसर ओळखत नसला तरी नुसत्या पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतं. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह, फाईलचं नाव ते सांगतात तेच, आणि मग तो लाल दिवा लुकलुकत बसतो. त्या वेळात लाईट जाऊ नये एवढंच मी म्हणत होते, कारण आमच्याकडे एप्रिलमध्ये वळवाचं वातावरण झालं की लाईटीचा भरवसा नाही. गेली नाही. रात्री पावणेबाराला स्क्रीनवर अक्षरं आली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई केर काढताना कॅबिनेटला त्यांचा हात लागला आणि त्या ओरडल्या, "गो, ह्या डब्यात करंट इलो! हात लावू नको तेका."

मी अनवाणी जाऊन उलट्या बोटाने स्पर्श केला तर खरंच, मुंग्या आल्यासारखं. जोराचा शॉक नाही, पण बोट आपोआप मागे येईल एवढं. आता हे अनेकांच्या घरी होतं आणि बहुतेक जण पायाखाली पाट नाहीतर रबराची चटई घेऊन विषय सोडून देतात, मलाही आधी दोघांनी तेच सांगितलं, पण मला ते पटलं नाही. कारण समजून घ्या. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो, त्यात दोन छोटे कपॅसिटर, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोन्ही पत्र्याला म्हणजे अर्थला जोडलेले. बाहेरची खरखर जमिनीत सोडून देणं हे त्यांचं काम. पण अर्थच नसेल तर ती वीज जाणार कुठे, पत्र्यावरच राहते, साधारण मेन्सच्या निम्मी, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी कमी असतो म्हणून माणूस मरत नाही, मुंग्या येतात. म्हणजे पीसीत काही बिघाड नव्हता, पीसी आम्हाला सांगत होता की घराला अर्थिंग नाही.

मल्टिमीटर लावला. फेज-न्यूट्रल २२८. न्यूट्रल-अर्थ चांगल्या घरात दोन-चार व्होल्टच्या वर जाऊ नये, आमच्याकडे आकडा सत्तर-ऐंशीच्या मध्ये नुसता हलत होता, म्हणजे ती तार कुठेच पोचत नव्हती. वायरमन दादांना बोलावलं. मीटरखालून निघालेली अर्थची तार घराच्या मागे गेलेली, तिथे एक लोखंडी पाईप फूट-दीड फूट जांभ्यात ठोकलेला आणि वर गंजून तुटलेला. जांभ्याचा स्वभाव असा की पाऊस पडला की पाणी भराभरा खाली सोडतो आणि एप्रिल-मेमध्ये अगदी भाकरीसारखा कोरडा होतो, कोरड्या चिऱ्यातून वीज जमिनीत जातच नाही. पावसाळ्यात अर्थिंग बरं, उन्हाळ्यात नाही, असं आमच्या भागात बऱ्याच घरांत होत असणार.

खड्डा कुठे घ्यायचा यावर चर्चा चाललेली. दादा म्हणत होते मीटरजवळच, तार कमी लागते. सासूबाई ओटीवर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "न्हाणयेचा पाणी जाता थंय खण. केळीकडची माती मे म्हयन्यात पण सुकणा नाय."

त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. न्हाणीचं पाणी केळीच्या आळ्यात जातं, तिथे बारा महिने ओल. तार वीस फूट जास्त लागली. वरचा जांभा पहारीने फोडायला दोघांना दीड दिवस गेला, मग खाली मऊ पांढुरकी माती लागली, तिथे आठ फुटी जीआय पाईप उभा केला, भोवती कोळसा आणि जाडं मीठ थराथराने. संध्याकाळी मल्टिमीटर लावला, न्यूट्रल-अर्थ १.८. सासूबाईंना मी कॅबिनेटला हात लावायला सांगितलं, त्यांनी आधी पदर गुंडाळून लावला, मग तळवा टेकवला आणि मान हलवली.

हा खर्च पीसीच्या बजेटमध्ये धरा असं मी आता प्रत्येकाला सांगते. आरजीबीचे फॅन नंतर घेता येतात. सर्ज प्रोटेक्टरसुद्धा अर्थ असेल तरच पूर्ण काम करतो, नाहीतर तो नुसता एक महाग एक्स्टेन्शन बोर्ड.

मे महिना छान गेला. एडिटिंगला मजा येत होती, आधी तासभर लागायचा ते काम दहा मिनिटांत. टेबल पश्चिमेच्या खिडकीजवळ होतं कारण तिथे वारा येतो, मला वाटलं पीसीला थंड हवा मिळेल. मृग लागला, पाऊस सुरू झाला, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी बटण दाबलं, फॅन फिरले, आणि बोर्डावरचा रॅमचा दिवा पेटून राहिला. स्क्रीन काळी.

रॅम काढल्या, सोनेरी दातांवर हलक्या हाताने खोडरबर फिरवला, अल्कोहोलने पुसलं, परत लावल्या, चालू. आपल्याकडे सगळे हेच करतात आणि ते चालतंही. पण बारा दिवसांनी पुन्हा तेच. मग आठ दिवसांनी. मग पुढचे यूएसबी मधेच तुटायला लागले, माऊस लावला की सुटल्याचा आवाज, पुन्हा जोडल्याचा आवाज. खोडरबर सारखा सारखा फिरवणंही बरं नाही, तो सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, तो गेला की खालचं उघडं पडतं.

मला खरंच वाईट वाटत होतं. चिपळूणचा तो चौदा वर्षांचा बोर्ड, गाळाच्या पाण्यात बुडालेला, तो बाबांकडे व्यवस्थित चालू होता. आणि हा नवा, याला पाण्याचा एक थेंब लागलेला नाही, याला काय झालं?

नागपंचमीला माहेरी गेले तेव्हा बोर्ड काढून बरोबर नेला. बाबांनी दुकानातला दिवा ओढून घेतला, डोळ्याला भिंग लावलं आणि पाच मिनिटं नुसते बघत बसले. मग भिंग माझ्याकडे दिलं. पुढच्या यूएसबीची केबल जिथे बसते त्या पिनांच्या बुडाशी, जिथे कथिल संपतं आणि पीन सुरू होते त्या अगदी रेषेवर, एक हिरवट-निळी कड होती. नुसत्या डोळ्यांना धूळ वाटेल. भिंगातून ती दाणेदार दिसत होती, तुरटीच्या खड्यांसारखी, आणि दोन पिनांच्या मध्ये एक चिकट ओलसर डाग. बाबा म्हणाले, "ही हिरवी कड मी ओळखतो. तुमच्याकडून, देवगडकडून येणाऱ्या घड्याळांत असते. मीठ आहे हे."

मीठ हे मलाही माहीत होतं, समुद्राजवळ लोखंड गंजतं हे लहान पोराला माहीत असतं. पण मग उन्हाळ्यात का नाही झालं? वारा तर तेव्हाही समुद्राचाच होता, खिडकी तीच. उत्तर घरी परत आल्यावर स्वयंपाकघरात मिळालं. सासूबाई बरणीतलं मीठ बघत होत्या, बुडाला पाणी जमलेलं. "मिठाक पाणी सुटला," म्हणाल्या, आणि बरणी उचलून चुलीकडच्या कोनाड्यात ठेवली, दर पावसाळ्यात ठेवतात तशी.

मी तिथेच उभी राहिले. हेच तर होतंय. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी स्वतः ओढून घेतं आणि विरघळतं. त्याच्या खाली असेल तर कोरडं पडून राहतं, कोणाचं काही बिघडवत नाही. म्हणजे एप्रिल-मेमध्ये खिडकीतून आलेल्या वाऱ्याने माझ्या बोर्डावर मिठाचा अदृश्य थर घातला, तो दुपारच्या हवेत कोरडा राहिला, आणि जुलैत त्याच मिठाला पाणी सुटलं. खारं पाणी म्हणजे वीज वाहणारं पाणी. आणि बोर्डावर वीज होती का? होती! इथे माझी खरी चूक होती. पीसी शटडाऊन केला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर एसएमपीएस पाच व्होल्टची एक स्टँडबाय लाईन कायम चालू ठेवतो, त्याच्यावरच तर पॉवर बटण चालतं, अनेक बोर्डांत यूएसबीलाही तीच पोचते. म्हणजे रात्रभर, आणि मी दोन-दोन दिवस पीसी लावला नाही तर दोन-दोन दिवस, बोर्ड थंड, वर खारं पाणी, आणि त्यात पाच व्होल्ट. चिपळूणच्या बोर्डाला मी यातलं एकही राहू दिलं नव्हतं. सेल काढलेला, गाळ धुतलेला, बल्बच्या उबेत वाळवलेला. बुडालेला म्हणून त्याची काळजी घेतली गेली, आणि याच्यावर पाणी दिसलंच नाही म्हणून याची नाही.

तीनेकशे रुपयांचा एक आर्द्रता मोजायचा छोटा मीटर मागवला, हा माझा या सगळ्यातला सगळ्यात उपयोगी खर्च. खोलीत २७ अंश, ९० टक्के. बंद पीसीच्या आत जवळपास तेवढंच. पीसी अर्धा तास चालू ठेवून कॅबिनेटमध्ये मीटर ठेवला, ३३ अंश, ६४ टक्के. पाणी तेवढंच आहे हवेत, पण हवा सहा अंशांनी गरम झाली की तिची पाणी धरायची ताकद वाढते आणि टक्का खाली येतो. मिठाची बरणी चुलीकडे ठेवायची ती याचसाठी.

मग केलं ते असं. आधी बोर्ड पूर्ण काढून, सेल काढून, अल्कोहोलने धुतला, मऊ ब्रशने, खास करून सगळ्या पिनांच्या बुडाशी. ९९ टक्केवालं घ्या, औषधाच्या दुकानातलं ७० टक्केवालं नको, त्यात उरलेलं पाणी असतं. इथे एक गोष्ट सांगायला हवी, एएम४ चा कूलर काढताना पेस्ट सुकलेली असेल तर सरळ वर ओढू नका, प्रोसेसर लॉक असूनही कूलरला चिकटून उपसून येतो आणि पिना वाकतात. आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम करायचा, बंद करायचा, स्क्रू काढून कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळायचा, चिकट पकड सुटल्याचं हाताला कळतं, मगच उचलायचा.

टेबल खिडकीजवळून हलवून माजघरात नेलं, समुद्राच्या वाऱ्यापासून दोन भिंती आत. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला आतून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावला, तो दर पंधरा दिवसांनी धुते, उन्हाळ्यात त्याच्यावर लाल धूळ असते आणि पावसाळ्यात एक चिकटपणा. प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाकलं. हे कव्हर आपल्याकडे घरोघरी घालतात, आणि बंद थंड पीसीवर प्लॅस्टिक घातलं की आतली ओल बाहेर जायची वाटच बंद होते. सवय बदलली, जून ते सप्टेंबर पीसी रोज निदान दोन तास चालतो, काम असो नसो, आणि बंद केला की भिंतीवरचं बटणही बंद. आणि टेबलाखालच्या प्लायच्या कप्प्यात, जिथे कॅबिनेट असतं, तिथे १५ वॅटचा झिरोचा बल्ब. पीसी बंद, बल्ब चालू. कपाटात बुरशी येऊ नये म्हणून लोक लावतात तोच. मीटर आत ठेवून बघितलं, ३१ अंश, ७१ टक्के. ७५ च्या खाली, म्हणजे मीठ असलं तरी बरंचसं कोरडं. बल्ब भिंतीकडे, कॅबिनेटपासून वीतभर लांब, भोवती कागद कापड काही नाही. एलईडी लावून उपयोग नाही हां, तो गरम होत नाही, हल्ली जुने पिवळे बल्ब शोधावे लागतात, मी सहा घेऊन ठेवलेत.

अर्थिंगला ओल हवी आणि बोर्डाला कोरडं, आणि दोन्ही गोष्टी सासूबाईंनी सांगितल्या, केळीचं आळं आणि चुलीकडचा कोनाडा. त्यांना मी हे बसवून समजावलं. त्या म्हणाल्या, मीठ म्हटल्यावर त्यात काय कळायचं.

लाईटीबद्दल थोडं. आमचा घरचा इन्व्हर्टर आहे, पण लाईट गेली की पीसी बंद पडायचा, बाकी सगळं चालू. एसएमपीएसच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज जेमतेम १६ मिलिसेकंद पुरते, आणि इन्व्हर्टर साध्या मोडवर त्यापेक्षा जास्त वेळ घेतो. मागे एक बारीक स्विच असतो, तो यूपीएस मोडवर केला की बदल लवकर होतो. तेवढ्याने थांबलं. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर उत्तम, हल्लीच्या काही एसएमपीएसना साध्या इन्व्हर्टरची चौकोनी लहर मानवत नाही. आणि गडगडाट सुरू झाला की प्लग काढायचा तसा राऊटरकडून येणारी लॅनची केबलही काढायची, ही गोष्ट लोक विसरतात, मी उघडलेल्या चारपैकी एक लॅनच्या वाटेनेच गेलेला होता.

पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात आणखी एक पाहुणी आली. मागचा एचडीएमआयचा पोर्ट लागेना म्हणून टॉर्च मारून बघते तर आत माती लिंपलेली, सुबक. कुंभारीण. ती माशी कुठलंही भोक सोडत नाही, किल्लीचं भोक, नळी, प्लगचं सॉकेट, सगळीकडे घर बांधते. कॅबिनेटच्या मागच्या जाळीतही एक घर होतं, ते टूथपिकने सोडवलं तर आतून बारीक कोळी निघाले, ती ते बेशुद्ध करून पिल्लांसाठी भरून ठेवते. पोर्टातली माती ओली करायची नाही, कोरडीच खरवडायची आणि ब्लोअरने उडवायची. आता वापरात नसलेल्या प्रत्येक पोर्टाला रबराची टोपी आहे, शंभर रुपयांत पाकीटभर मिळाल्या.

२०२३ चा पावसाळा हा खरा पेपर होता. जूनमध्ये नव्याने धुऊन, मीटर आत ठेवून, वहीत रोजचा आकडा लिहायला घेतला. जुलैतले चार दिवस सलग लाईट नव्हती, तेव्हा बल्बही नाही आणि पीसीही नाही, मीटर ८८ वर गेला. त्या चार दिवसांत मी प्लग काढून ठेवला आणि सेलसुद्धा काढला, तारीख-वेळ नंतर पुन्हा घालता येते. लाईट आल्यावर आधी रात्रभर नुसता बल्ब, मग सकाळी आकडा ७२ झाल्यावर पीसी. पहिल्या दाबात चालू. त्या पूर्ण पावसाळ्यात रॅम एकदाही काढावी लागली नाही.

गणपतीला बाबा आले होते. आरती झाल्यावर त्यांनी स्वतःच विषय काढला, खिशातून भिंग काढलं, मी कॅबिनेटची बाजू उघडून दिली. त्यांनी यूएसबीच्या पिना बघितल्या, मग रॅमच्या खाचा, मग मागच्या स्लॉटचे स्क्रू, त्यातल्या दोन स्क्रूंवर तांबडा गंज होता, तो त्यांनी नखाने खरवडून दाखवला. पिनांवर जुना डाग होता तेवढाच, वाढलेला नाही. स्क्रू पितळेचे घे म्हणाले.

आता शेजारच्या पुतण्याला पीसी जोडून हवाय, बारावी झाली त्याची, इंजिनिअरिंगला चाललाय. पार्टांची यादी तो घेऊन आला होता, कॅबिनेटला सहा फॅन, काचेची बाजू. यादी मी ठेवून घेतली आणि मल्टिमीटर घेऊन आधी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या प्लगात न्यूट्रल-अर्थ ६४ आहे. त्यांची न्हाणी घराच्या उत्तरेला आहे आणि पाणी माडाच्या आळ्यात जातं, वायरमन दादा रविवारी येतायत.